कागदी कप, मोबाइल आणि हवेचा रोध: प्रयोग न चुकता कसा करायचा

पडणाऱ्या वस्तूला हवा किती अडवते हे घरच्या घरी मोजायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे केकचे कागदी कप एकात एक घालून सोडायचे आणि ते किती वेगाने खाली येतात ते पाहायचं. अकरावी-बारावीची मुलं प्रकल्पासाठी हा प्रयोग हमखास निवडतात. मी पाहिलेल्या बहुतेक वह्या एकाच जागी चुकलेल्या असतात. कप सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने घेतलेला असतो, उंचीला त्या वेळेने भागलेलं असतं आणि आलेल्या आकड्याला ‘वेग’ म्हटलेलं असतं. पुढे समीकरणाशी मेळ बसत नाही, म्हणून शेवटी ‘मानवी चुकीमुळे फरक आला’ असं लिहून मुलं मोकळी होतात.

ही मानवी चूक नाही, मोजायची जागा चुकलेली असते. कप सुटला की थोडं अंतर त्याचा वेग वाढत राहतो आणि त्यानंतर तो एकसारखा होतो. आपल्याला हवा असतो तो एकसारखा झालेला वेग. म्हणून मोजणी त्या अंतराच्या खालीच व्हायला हवी, आणि ते अंतर किती हे कप सोडायच्या आधी ठरवायला हवं. बाकीची सगळी तयारी यासाठीच आहे.

## आधी एवढं पक्कं करा

कपावर दोन बलं असतात. वजन खाली ओढतं आणि हवेचा रोध वर ढकलतो. वजन बदलत नाही, रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट झाला तर रोध चौपट. म्हणून काही अंतरानंतर रोध वजनाइतका होतो, त्वरण शून्य होतं आणि कप त्याच वेगाने पडत राहतो. हा टर्मिनल वेग. वहीत याला ‘अंतिम वेग’ लिहू नका. नववीपासून समीकरणातल्या शेवटच्या वेगाला आपण तेच म्हणत आलोय, आणि तोंडी परीक्षेत तिथेच गाडी अडते.

कप एकात एक घातले की वस्तुमान वाढतं, पण बाहेरचा आकार जवळपास तोच राहतो. चार कपांची चवड म्हणजे चौपट वजन, समोरचं क्षेत्रफळ तेच. तिचा टर्मिनल वेग एका कपाच्या दुप्पट यायला हवा, आणि हेच आपल्याला तपासायचं आहे.

स्टॉपवॉचने काय होतं ते बघा. समजा एका कपाचा टर्मिनल वेग सेकंदाला १.४ मीटर आहे, म्हणजे चार कपांचा २.८. दोन्ही २.५ मीटरवरून सोडले आणि सगळी उंची भागिले सगळा वेळ केलं, तर एका कपाचा वेग १.३३ येतो आणि चार कपांचा २.२९. गुणोत्तर २ यायला हवं, ते येतं १.७३. कारण चार कपांना वेग पकडायलाच उंचीचा मोठा भाग लागतो. इथे स्टॉपवॉच अगदी अचूक धरलंय. प्रत्यक्षात बोटाची प्रतिक्रिया साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने मागे असते, आणि चार कपांचं सगळं पडणं जेमतेम १.१ सेकंदात आटोपते.

## टप्पा १: सामान

कागदी कप. मावा केक किंवा कपकेक ज्यात भाजतात ते, कडेला चुण्या असलेले. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात. एकाच गठ्ठ्यातले वापरा. दोन दुकानांचे कप सारखे दिसले तरी कागदाची जाडी वेगळी असते.

घरात असतात म्हणून द्रोण घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. साधारण ११ सेंटिमीटर तोंडाचा, २ ग्रॅमचा द्रोण सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास वेगाने पडेल आणि तो वेग पकडायला त्याला जवळपास एक मीटर लागेल. दोन द्रोणांना दोन मीटर लागतील, की खोलीची उंची संपलीच. चहाचे कागदी कप त्याहून जड आणि निमुळते. प्रयोगाला हलकी आणि रुंद वस्तू लागते.

मोबाइल, स्लो मोशन असलेला. सेकंदाला १२० फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं) पुरतात, २४० असतील तर उत्तम. तो हातात धरायचा नाही. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चवड करून टेकवा.

वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा चालेल, पण टप्पा ३ मध्ये सांगितलंय तसाच वापरायचा.

याशिवाय मेजर टेप, शाळेतली लाकडी मीटरपट्टी, मागे लावायला गडद रंगाची चादर, वर चढायला घोडा आणि एक अगरबत्ती.

सावध: उंची मिळावी म्हणून गच्चीवरून किंवा गॅलरीतून कप सोडू नका. वाकण्याचा धोका आहेच, आणि मोकळ्या हवेत हा प्रयोग होतही नाही. जास्त उंची हवी असेल तर वारा न येणारा बंद जिना शोधा. घोड्यावर एकाने चढायचं, दुसऱ्याने तो धरायचा.

## टप्पा २: खोलीतली हवा थांबवणं

याला वेळ द्या. एका कपाचा वेग सेकंदाला १.४ मीटर असताना हवा सेकंदाला फक्त दहा सेंटिमीटर वर सरकत असली, तरी तुमच्या आकड्यात सात टक्के चूक येते आणि वेगाच्या वर्गात चौदा टक्के. दहा सेंटिमीटर म्हणजे आपल्याला जाणवतही नाही इतकी मंद हवा.

१. खिडक्या-दारं बंद करा. एसी बंद करा, कूलर बंद करा. शेजारच्या खोलीतला पंखाही बंद करा, दाराखालच्या फटीतून हवा येते.

२. पंखा बंद केल्यावर पाती थांबेपर्यंत नाही, थांबल्यानंतर आणखी पाच मिनिटं थांबा. पाती थांबली तरी खोलीतली हवा फिरत असते.

३. ऊन थेट ज्या भिंतीवर किंवा खिडकीवर पडतंय तिथून लांब जागा निवडा. तापलेल्या भिंतीलगत हवा वर चढते.

४. अगरबत्ती लावून जिथून कप पडणार त्या रेषेत खाली, मध्ये आणि वर धरून बघा. धूर थोडा वर जाऊन विस्कटतो, ते ठीक. तो प्रत्येक वेळी एकाच बाजूला कलत असेल तर कुठून तरी झोत येतोय. शोधा आणि बंद करा.

तपासा: धूर सरळ? आता अगरबत्ती विझवून खोलीबाहेर ठेवा. पेटलेली राहिली तर तिचीच गरम हवा कपाखाली येते. यापुढे खोलीत कमीत कमी माणसं, कमीत कमी हालचाल. कौतुकाने बघायला आलेल्या मंडळींना दाराबाहेर बसवा.

## टप्पा ३: वजन आणि तोंडाचा व्यास

एक कप काट्यावर ठेवला तर काटा ‘०’ तरी दाखवेल नाहीतर ‘१’. दोन्ही निरुपयोगी. पन्नास कप मोजून एकत्र ठेवा आणि आलेल्या वजनाला पन्नासने भागा. समजा २१ ग्रॅम भरले, तर एक कप ०.४२ ग्रॅमचा. काट्याची अर्ध्या ग्रॅमची चूक पन्नास कपांत वाटली जाते आणि अडीच टक्क्यांच्या आत राहते.

मोजताना कप एकेक सुटा करून मोजा. हे कप गठ्ठ्यात इतके घट्ट बसलेले असतात की दोन मिळून एक वाटतात. भाचीला दिवाळीच्या सुट्टीत हा प्रयोग करायला बसवलं होतं. एका कपासाठी वेग आला १.९७. परत केलं, १.९९. तिसऱ्यांदा १.९८. आकडे इतके एकसारखे की प्रयोगात गडबड आहे असं म्हणायला जागाच नाही. हिशेबाने मात्र १.४ च्या आसपास यायला हवे होते. १.९८ भागिले १.४ केलं, १.४१ आले, आणि √२ ओळखीचा असल्याने मी तो कप हातात घेऊन कडेची चुणी नखाने उचकली. आत दुसरा कप होता. कागद इतका पातळ की बोटाला दोन पदर कळलेच नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे: कुठलाही आकडा अपेक्षेच्या १.४ पट आला की आधी कप मोजायचे, मग बाकीचं.

व्यास मोजताना कप मोकळा ठेवा. चुण्यांमुळे तोंड थोडं पसरतं, दाबलं तर आत येतं. पडताना जसा असेल तसाच, उभ्या-आडव्या दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या. व्यासाचा वर्ग होतो हे लक्षात ठेवा: ७ सेंटिमीटरमध्ये ३ मिलिमीटरची चूक म्हणजे क्षेत्रफळात आठ-नऊ टक्के.

सावध: वजन प्रयोगाच्या दिवशीच करा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, जड होतो आणि मऊ पडून आकारही सोडतो. गठ्ठा फोडला की उरलेले कप डब्यात बंद ठेवा.

## टप्पा ४: कुठून मोजायचं ते ठरवणं

सगळा प्रयोग इथे आहे. हा टप्पा टाळून पुढे गेलात तर बाकी कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही.

रोध वेगाच्या वर्गाने वाढतो असं धरलं, तर टर्मिनल वेगाच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारं अंतर काढता येतं. ते सुटसुटीत निघतं: टर्मिनल वेगाचा वर्ग भागिले पाच, वेग मीटर प्रति सेकंदात आणि उत्तर मीटरमध्ये. १.४ चा वर्ग १.९६, भागिले पाच, म्हणजे साधारण ०.४ मीटर.

| कप | टर्मिनल वेग (मी/से) | वेग स्थिर व्हायला लागणारं अंतर (मी) |
|---|---|---|
| १ | १.४ | ०.४ |
| २ | २.० | ०.८ |
| ३ | २.४ | १.२ |
| ४ | २.८ | १.६ |
| ९ | ४.२ | ३.५ |

शेवटची ओळ बघा. मुलं नऊ-दहा कपांपर्यंत जातात, कारण आलेखावर जास्त बिंदू चांगले दिसतात. दहा फुटी छताच्या खोलीत नऊ कप टर्मिनल वेगाला पोचतच नाहीत. ते बिंदू आलेखावर खाली झुकतात आणि सरळ रेषा बिघडवतात. खोलीत चार कप ही मर्यादा. चार चांगले बिंदू पुरेसे आहेत.

‘पण वेग माहीत नसताना वर्ग कुठला घ्यायचा?’ एका कपाची एक कच्ची चाचणी करा. तो वेग १.४१ ने गुणला की दोन कपांचा अंदाज, १.७३ ने तीन, २ ने चार. अंदाजाला एवढं पुरतं.

आता पट्टा आखा. कप जमिनीपासून २.६ मीटरवरून सोडणार असाल, तर चार कपांना १.६ मीटर लागणार. म्हणजे मोजणी जमिनीपासून १.० मीटरवर सुरू होईल. शेवट जमिनीपासून ०.२ मीटरवर करा, कारण अगदी जमिनीलगत कपाखाली सापडलेली हवा त्याचा वेग बदलते. मोजणीचा पट्टा झाला ०.८ मीटरचा. सगळ्या चवडींसाठी हाच ठेवा.

म्हणूनच प्रयोगाची सुरुवात चार कपांनी करायची. पट्टा चार कपांना पुरला तर एका कपाला पुरणारच. उलट क्रमाने गेलात तर चौथ्या चवडीला पट्टा खाली सरकवावा लागतो आणि आधीचं सगळं पुन्हा करावं लागतं.

## टप्पा ५: कॅमेरा आणि पट्टी

सर्रास होणारी चूक: भिंतीवर खुणा करून त्यांच्यासमोर कप सोडणं. कॅमेरा कपापासून २ मीटरवर आणि भिंत कपाच्या ३० सेंटिमीटर मागे असेल, तर एक मीटर पडलेला कप भिंतीवर १.१५ मीटर पडल्यासारखा दिसतो. वेगात पंधरा टक्के वाढ, आणि शेवटी काढायच्या रोध गुणांकात (वस्तूचा आकार हवेला किती अडतो हे सांगणारा आकडा) चोवीस टक्के घट. हातात स्टॉपवॉच नाही, कॅमेरा आहे, म्हणून आकडा बरोबरच असणार असं वाटतं आणि चूक तशीच राहते.

योग्य क्रम असा:

१. कप सोडण्याच्या जागेतून ओळंबा सोडा, दोऱ्याला खडू किंवा नट बांधला तरी चालेल. जमिनीवर जिथे टेकेल तिथे खडूने फुली करा.

२. कॅमेरा फुलीपासून अडीच-तीन मीटरवर, मोजणीच्या पट्ट्याच्या मधोमध उंचीवर ठेवा. आपला पट्टा ०.२ ते १.० मीटर आहे, म्हणजे लेन्स ०.६ मीटरवर. मोबाइल उभा. रुंद कोनाची लेन्स वापरू नका, ती कडेच्या रेषा वाकवते.

३. मीटरपट्टी फुलीवर अगदी उभी धरा आणि पाच सेकंद चित्रीकरण करा.

४. पट्टी काढा. यानंतर कॅमेरा हलवायचा नाही. हलला, बॅटरी बदलली, कुणाचा पाय लागला, तर पट्टीचं चित्रीकरण पुन्हा.

पुढे संगणकाच्या पडद्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवा, पट्टीच्या चित्रावरून ०.२, ०.६ आणि १.० मीटरच्या तीन आडव्या रेषा काढा आणि त्याच रेषांवर सगळे व्हिडिओ वाचा. ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं, पण पहिल्या वेळी हाताने करा. काय मोजतोय हे नीट कळतं.

## टप्पा ६: फ्रेमचा दर पारखून घेणं

मोबाइल १२० फ्रेमवर चित्रीकरण करतो, पण फाइल बऱ्याचदा ३० फ्रेमने चालेल अशी साठवतो. तुम्ही व्हिडिओच्या खालचं घड्याळ वाचलंत तर वेळ चौपट आणि वेग चौथा हिस्सा. घड्याळ वाचायचंच नाही, फ्रेम मोजायच्या.

दर सेटिंगमध्ये लिहिलाय तेवढाच आहे का, तेही बघा. दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून त्याचं स्लो मोशन घ्या. स्टॉपवॉचचे दोन सेकंद जाईपर्यंत किती फ्रेम सरकल्या ते मोजा. २४० आल्या तर दर १२०. कमी उजेडात काही मोबाइल हा दर आपणहून खाली आणतात, म्हणून ही तपासणी प्रयोगाच्या जागीच, त्याच उजेडात करा. दिवसाचा उजेड चांगला. काही एलईडी दिव्यांत स्लो मोशनचं चित्र लुकलुकतं आणि कपाची कड दिसत नाही.

तपासा: चार कप ०.८ मीटर पार करायला १२० च्या दराने सुमारे ३४ फ्रेम घेतील. एका फ्रेमची चूक म्हणजे तीन टक्के. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत त्याच अंतराला आठ-नऊच फ्रेम मिळतात आणि एका फ्रेमची चूक बारा टक्के होते. म्हणून साधा व्हिडिओ नको.

## टप्पा ७: सोडणं

कपाचा तळ खाली, तोंड वर. दोन्ही हातांच्या एकेका बोटाने समोरासमोरच्या कडा हलक्या धरा आणि दोन्ही बोटं एकदम बाजूला घ्या. एका हाताच्या चिमटीत धरून सोडला तर एक कड आधी सुटते आणि कप कलतो. सोडणं म्हणजे फक्त सोडणं. नकळत खाली झटका देण्याची सवय असते, ती दोन-चार वेळा रिकामा सराव करून घालवा.

उंची कपाच्या तळापासून मोजा, बोटापासून नाही.

चवड करताना कप दाबून बसवू नका, पण सैलही ठेवू नका. सैल चवडीतले कप पडताना वेगळे होतात. प्रत्येक चवडीची पाच चांगली पडणी मिळेपर्यंत करा. दोन पडण्यांमध्ये अर्धा मिनिट थांबा, म्हणजे घोड्यावरची हालचाल शांत होते.

कुठली पडणी बाद करायची हे आधी लिहून ठेवा. माझे नियम: कप उलटला, कलंडून बाजूला घसरत गेला, फुलीपासून २० सेंटिमीटरपेक्षा लांब पडला, भिंतीला किंवा चादरीला लागला, तर बाद. आकडा आवडला नाही हे बाद करायचं कारण नाही. बाद केलेल्यांचीही नोंद ठेवा.

सावध: एखादा कप परत परत एकाच बाजूला घसरत असेल तर त्याची कड कुठेतरी मुडपलेली असते. सरळ करत बसू नका, नवा घ्या.

## टप्पा ८: व्हिडिओ वाचणं

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ‘ई’ हे बटण दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. कपाचा तळ वरच्या रेषेला शिवला ती फ्रेम शून्य धरा, मधल्या रेषेला शिवला तिथला आकडा लिहा, खालच्या रेषेला शिवला तिथला लिहा. दर वेळी तळच बघा, कधी तळ कधी कड असं नको.

मधली रेषा कशाला? हीच या प्रयोगातली सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. पट्ट्याचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग पार करायला सारख्याच फ्रेम लागल्या पाहिजेत. चार कपांना वर १७, खाली १७. वर १९ आणि खाली १७ येत असेल तर कप अजून वेग पकडतोय, पट्टा खाली घ्या किंवा सोडायची उंची वाढवा. एखाद्या पडणीत एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर ती वाचनातली चूक. पाचही पडण्यांत वरच्याच भागाला जास्त लागत असतील तर ती चूक नाही, ते उत्तर आहे.

वहीतला तक्ता उदाहरणादाखल असा दिसेल:

| कप | फ्रेम (पाचांची सरासरी) | वेळ (से) | वेग (मी/से) | वेगाचा वर्ग | वर्ग ÷ कप |
|---|---|---|---|---|---|
| १ | ६९ | ०.५७५ | १.३९ | १.९४ | १.९४ |
| २ | ४८ | ०.४०० | २.०० | ४.०० | २.०० |
| ३ | ४० | ०.३३३ | २.४० | ५.७६ | १.९२ |
| ४ | ३४ | ०.२८३ | २.८२ | ७.९७ | १.९९ |

शेवटचा रकाना जवळपास सारखा आला, म्हणजे रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. तो कप वाढतील तसा घटत जात असेल तर टप्पा ४ कडे परत जा.

## टप्पा ९: आलेख आणि रोध गुणांक

आडव्या अक्षावर कपांची संख्या, उभ्यावर वेगाचा वर्ग. नुसता वेग घेतला तर वक्र येतो, आणि डोळ्याने एक वक्र दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. सरळ रेषा मात्र पट्टी लावून पाहता येते. ती शून्यातून जायला हवी.

रेषेचा चढ म्हणजे एका कपासाठीचा वेगाचा वर्ग. आपल्या उदाहरणात तो १.९६. मग:

रोध गुणांक = (२ × एका कपाचं वस्तुमान × गुरुत्व त्वरण) ÷ (हवेची घनता × तोंडाचं क्षेत्रफळ × चढ)

सगळं किलोग्रॅम आणि मीटरमध्ये. ०.४२ ग्रॅम म्हणजे ०.०००४२ किलोग्रॅम, ७ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.००३८५ चौरस मीटर. गुरुत्व त्वरण महाराष्ट्रात ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान आहे. ९.८ घेतलं तरी बिघडत नाही.

बिघडतं ते हवेच्या घनतेने. जवळपास प्रत्येक वहीत १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर लिहिलेलं असतं. ती समुद्रसपाटीवरची, १५ अंश सेल्सिअसची घनता. मुंबईत ३० अंशाला ती १.१६ च्या आसपास असते. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, तिथे ३० अंशाला सुमारे १.०९. महाबळेश्वरला २० अंशाच्या गारव्यातही १.०३ च्या जवळपास. आपल्या उदाहरणातला प्रयोग पुण्यात केला असेल तर १.०९ घालून गुणांक १.० येतो, आणि पुस्तकातला १.२२५ घातला तर ०.८९. मेहनतीने दोन-तीन टक्क्यांपर्यंत आणलेली मोजणी एका उचललेल्या आकड्याने अकरा टक्के चुकते. हवेचा दाब मोबाइलच्या हवामान ॲपवरून घेत असाल तर सावध राहा: तिथे बहुतेकदा समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो, तुमच्या गावाचा खरा दाब नसतो.

उत्तर साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान यावं. सपाट चकतीचा गुणांक १.१ ते १.२ असतो, कपाचा त्याच्या आसपास किंवा कमी. २ च्या वर गेला तर त्रिज्येलाच व्यास समजून तिची पुन्हा निम्मी केली नाही ना ते बघा. ०.३ च्या खाली गेला तर बहुधा उलटं, त्रिज्येच्या जागी व्यास गेलाय.

निष्कर्षात ‘जड वस्तू लवकर पडते’ असं लिहू नका. एक कप घट्ट चुरगाळून गोळा करा आणि त्याच वजनाच्या उघड्या कपाबरोबर सोडा. वजन एकच, गोळा खूप आधी पोचतो. वजन आणि रोध यांचं गुणोत्तर काय आहे त्यावर सगळं ठरतं, तेच शब्द लिहा.

## प्रदर्शनात दाखवायचं असेल तर

मोजणी गर्दीत जमत नाही, पण एक प्रयोग नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतो. एक कप एक मीटरवरून आणि चार कपांची चवड दोन मीटरवरून एकाच क्षणी सोडायची. वेग दुप्पट, उंची दुप्पट, म्हणून दोन्ही एकदम टेकतील असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. मुलं करून बघतात, चवड किंचित मागे राहते, आणि परीक्षकांसमोर चेहरे पडतात.

ती मागे राहायलाच हवी. प्रत्येक चवडीला वेग पकडताना जो वेळ जातो तो टर्मिनल वेगाच्या प्रमाणात असतो: साधारण ०.७ गुणिले टर्मिनल वेग भागिले गुरुत्व त्वरण. एका कपासाठी हा ०.१ सेकंद, चार कपांसाठी ०.२. म्हणजे एक कप सुमारे ०.८१ सेकंदात टेकतो आणि चवड ०.९१ सेकंदात. कान हा फरक सहज पकडतो. परीक्षकांना आधीच सांगा की चवड सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येईल, आणि मग सोडा. एकदम टेकवायचेच असतील तर एक कप १.० ऐवजी १.१४ मीटरवर धरा.